शाळेबाहेर इंजिनं बंद झाली, पण हवा सुधारली हे कशावरून?

शाळा सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी फाटकाबाहेर उभं राहून बघा. स्कूलबस, व्हॅन, रिक्षा, पालकांच्या गाड्या. बऱ्याच गाड्या जागेवर उभ्या, पण इंजिन सुरू. यालाच ‘आयडलिंग’ म्हणतात. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात, आणि उंची कमी असल्यामुळे त्यांचं नाक धुराच्या जास्त जवळ असतं. त्यामुळे ‘गाडी उभी, तर इंजिन बंद’ ही मोहीम हवीच. पण संशोधक म्हणून तुमचा प्रश्न त्यापुढचा आहे: मोहिमेमुळेच हवा सुधारली, हे दाखवायचं कसं?

पहिलं सुचणारं उत्तर सोपं असतं. आधी मोजा, मोहीम राबवा, नंतर मोजा, वजाबाकी करा. समजा, तुम्ही पुण्यात जानेवारीत मोजलं आणि नंतर जुलैत. जानेवारीच्या सकाळी थंड हवा जमिनीलगत अडकून राहते, प्रदूषण वर जात नाही. जुलैत पाऊस हवेतले कण धुऊन काढतो. म्हणजे एकाही ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नाही, तरी तुमचा आलेख झकास खाली येणार! मग पुढच्या हिवाळ्यात आकडे चढले, की ‘मोहिमेचा काही उपयोग नाही’ म्हणून शाळा ती गुंडाळून ठेवणार. नुकसान मुलांचं.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात संशोधकांनी हा पेच कसा सोडवला ते बघा. तिथल्या ४ शाळांजवळ बसचालक आणि पालकांसाठी मोहीम राबवली गेली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी फक्त शाळेबाहेरची हवा मोजली नाही. शहराच्या त्या भागातली सर्वसाधारण पातळी, म्हणजे ‘बॅकग्राउंड’, हीसुद्धा मोजली आणि दोन्हींतला फरक धरला. हवामान बदललं तर साधारण दोन्ही आकडे सोबत हलतात. उरलेला फरक बराचसा शाळेजवळच्या गाड्यांचा. सर्वाधिक बस येणाऱ्या शाळेत पीएम २.५ चा हा फरक ४.११ वरून ०.९९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आला. मुख्यतः डिझेलच्या धुरातून येणारा एलिमेंटल कार्बनही तिथे घटला. त्यामुळे घट धुळीतली नसून धुरातली आहे, या म्हणण्याला बळ मिळालं.

बाकीच्या शाळांमध्ये मात्र तेवढा ठळक बदल दिसला नाही. असा निकाल लपवायचा नसतो. जिथे मुळात बस कमी, तिथे घटायला जागाही कमी. ‘मोहीम कुठे जास्त उपयोगी पडेल’ याचं उत्तर त्यातूनच मिळतं.

आपल्याकडे हे करायचं झालं तर अडचण वेगळी आहे. भारतात पीएम २.५ चं २४ तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि हिवाळ्यात अनेक शहरं ते ओलांडतात. एवढ्या मोठ्या आणि रोज हलणाऱ्या आकड्यात ३ मायक्रोग्रॅमचा बदल शोधायचा म्हणजे बाजारातल्या गोंगाटात कुजबुज ऐकण्यासारखं आहे. म्हणून प्रपोजल लिहिण्याआधी हे ठरवा:

१. मोहीम न राबवलेली, तशाच रस्त्यावरची दुसरी शाळा घ्या. दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी मोजा, आणि दिवस भरपूर ठेवा.

२. दोन्ही सेन्सर आधी काही दिवस शेजारी-शेजारी चालवा. यंत्रांमधलाच फरक ३ मायक्रोग्रॅम निघाला, तर पुढचं सगळं व्यर्थ.

३. स्वस्त ऑप्टिकल सेन्सर दमट हवेत फुगवलेले आकडे देतात, आणि धुरातले अतिसूक्ष्म कण त्यांना दिसतच नाहीत. ही मर्यादा स्पष्ट लिहा.

४. दिवसभराची सरासरी काढू नका. शाळा भरण्या-सुटण्याची अर्धा-पाऊण तासाची वेळ वेगळी काढा, नाहीतर परिणाम सरासरीत विरघळून जाईल.

५. सगळ्यात महत्त्वाचं आणि जवळपास फुकट: वही आणि स्टॉपवॉच घेऊन किती गाड्या किती वेळ इंजिन सुरू ठेवून उभ्या आहेत, ते मोजा. आयडलिंगच कमी झालं नसेल, तर हवेतल्या घटीचं श्रेय मोहिमेला देता येणार नाही.

व्हायवात ‘तुमची मोहीम झाली नसती, तर काय दिसलं असतं?’ हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर डेटा गोळा झाल्यावर शोधता येत नाही. ते पहिलं रीडिंग घेण्याआधीच, अभ्यासाच्या आराखड्यात असावं लागतं.