कोकणची शिरगणती : गौरव आणि गैरहजेरी

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या, सिंधुदुर्गात १०३६. राज्याची सरासरी अवघी ९२९. या आकड्यांच्या आधारे व्यासपीठांवरून कोकणातील स्त्रीसन्मानाचे गोडवे गायिले जातात. गाणाऱ्यांनी त्याच अहवालातील बालकांचा रकाना बहुधा पाहिलेला नसतो. मुलग्यांचे जन्म मुळातच थोडे अधिक होतात, आणि रत्नागिरीतही सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली ९३६ च आहेत. राज्याच्या मानाने हे बरे खरे. परंतु बालपणी कमी असलेल्या स्त्रिया पुढे अधिक भरतात, त्या पुरुष जिल्ह्यात नसतात म्हणून. ज्याला सन्मान म्हटले जाते ती वस्तुतः गैरहजेरी आहे.

ही गैरहजेरी जुनी आहे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण कुळाच्या हाती आलेले भाताचे तुकडे वर्षभर कुटुंब पोसण्याइतके कधीच नव्हते. कुणबी, मराठा, भंडारी, बौद्ध अशा सर्वच समाजांतील तरुणांनी गिरणगावाची वाट धरली. खेड-चिपळूणकडील कोकणी मुसलमान आधी जहाजांवर आणि मग आखाती देशांत गेले. गिरणगावातील एका खोलीत दहा-पंधरा गाळेकरी पाळीपाळीने झोपत. तेथे बायकोला आणणार कोठे? ती गावी राहिली, शेत, गुरे आणि सासूसासरे सांभाळीत मनिऑर्डरची वाट पाहत राहिली. अहवालातील जास्तीच्या स्त्रिया त्या याच.

अलीकडे मात्र चित्र पालटले आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. मुंबई शहर सोडले तर राज्यात माणसे घटलेले जिल्हे हे दोनच. याच काळात स्त्रियांचे प्रमाणही रत्नागिरीत ११३६ वरून, सिंधुदुर्गात १०७९ वरून खाली आले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बुडाल्या, तरी वाट मोडली नाही. नालासोपारा, विरार, दिवा येथे छोटी का होईना, स्वतःची खोली होऊ लागली आणि चाकरमान्यामागून बिऱ्हाडही निघाले. पूर्वी गाव पुरुषांना पाठवीत असे, आता कुटुंबेच उठत आहेत. आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसे येतात, ती याच पोकळीत.

याची किंमत केवळ भावनिक नाही. आमदार-खासदारांची वाटणी डोकी मोजून होते. २००८ च्या पुनर्रचनेत रत्नागिरी आणि राजापूर हे दोन लोकसभा मतदारसंघ जाऊन एकच रत्नागिरी-सिंधुदुर्ग उरला, दापोली-गुहागर रायगडला जोडले गेले, आणि विधानसभेच्या २८८ जागांपैकी या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला आठ आल्या. पट घटला की वाडीवरची शाळाही धोक्यात येते, आणि शाळेचा भरवसा नसलेल्या वाडीत तरुण आईबाप कशाच्या बळावर राहतील?

२०२१ ची गणना वेळेवर झाली नाही. नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला. प्रगणकाने दार ठोठवावयाचे ते माघ-फाल्गुनात, कुलूप लावलेल्या घरांचे. तीच घरे भाद्रपदात गणपतीला माणसांनी ओसंडतात. पण शिरगणती भाद्रपदात होत नाही.