लवकर फळणारा अंजीर : घरच्या बागेसाठीं वाणाची निवड

पनवेलीच्या आसपास आंबा, फणस, चिकू, पेरू हीं झाडें बहुतेक परसांतून दिसतात. अंजिराचें झाड मात्र क्वचितच आढळतें. उन्हाळ्यांत घाटावरून येणारीं अंजिरें आपण हौसेनें विकत घेतों, आणि ‘हें झाड आपल्याच दारीं कां नसावें?’ असा प्रश्न मुलांच्या मनांत उभा राहतो. प्रश्न रास्त आहे; पण त्याचें उत्तर वाणाच्या निवडीवर अवलंबून आहे. ती निवड चुकली म्हणजे झाड वाढतें, पानें हिरवींगार दिसतात, परंतु दोन-तीन वर्षें पाणी घालूनही खाण्याजोगें फळ हातीं लागत नाहीं. मुलांचा उत्साह अशा वेळीं मावळतो, तो पुन्हां सहसा येत नाहीं.

अंजीर हा वड, पिंपळ व उंबर यांचा भाऊबंद होय. कधीं दृष्टीस न पडणाऱ्या वस्तूस आपण ‘उंबराचें फूल’ म्हणतों. अंजिराच्या फुलाचीही तीच गत आहे. ज्यास आपण फळ म्हणतों ती वस्तुतः एक मांसल पिशवी असून शेंकडों बारीक फुलें तिच्या आंत दडलेलीं असतात. टोकाशीं जें लहानसें छिद्र असतें त्यास ‘डोळा’ म्हणतात. स्मर्ना नांवाच्या प्रकारांत एक चिमुकला कीटक या डोळ्यांतून आंत शिरून पराग पोंचवितो, तेव्हांच फळ टिकतें. कॅलिफोर्नियांत या प्रकारचीं झाडें १८८० नंतर नेण्यांत आलीं. परंतु तो कीटक तेथें १८९९ सालीं स्थिरावला, तोंपर्यंत फळें कोंवळेपणींच गळून पडत. आपल्या पुणेरी अंजिरास अशा मध्यस्थाची गरज लागत नाहीं. म्हणून पहिला नियम हा कीं, परागावांचून फळणाराच वाण घरीं लावावा.

आतां ‘लवकर फळणारा’ या शब्दांचे दोन अर्थ आहेत, ते वेगळे ओळखले पाहिजेत. एक, लावल्यापासून थोड्या वर्षांत फळणारें झाड. दुसरा, हंगामांत आधीं पिकणारें फळ. थंड देशांत हिंवाळ्याच्या कडाक्यापूर्वी फळ पिकावें म्हणून दुसऱ्या गुणास महत्त्व देतात. पनवेलीस हिमाचें भय नाहीं. येथील खरा वैरी पाऊस होय. पुरंदर तालुक्यांत वर्षाकाठीं पांचशें-सहाशें मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पनवेलीस तो तीन हजारांच्या घरांत जातो. पिकूं लागलेल्या अंजिरावर पाऊस पडला कीं तें फुगून फुटतें, डोळ्यावाटे पाणी आंत जाऊन आंबतें व बेचव होतें. तेव्हां आपल्या दृष्टीनें ‘लवकर’ म्हणजे मृगाच्या सरींपूर्वी.

अंजिराचे दोन बहार धरतात : पावसाळ्याच्या ओलीवर धरलेला तो खट्टा बहार, आणि पावसाळा सरल्यावर धरून उन्हाळ्यांत पिकणारा तो मीठा बहार. कोंकणांतील घरच्या झाडास मीठा बहारच योग्य. हिशोब सोपा आहे. आश्विनांत हलकी छाटणी करून खत-पाणी दिलें म्हणजे नवी फूट येते व पानांच्या बगलेंत फळें धरूं लागतात. तीं पिकण्यास साधारण चार ते साडेचार महिने लागतात; म्हणजे मार्च ते मे या काळांत फळें मिळतात. हीच छाटणी डिसेंबरावर ढकलली तर उशिराचीं फळें थेट जूनच्या पावसांत सांपडतात. यावरून दिसून येईल कीं, वाण कितीही चांगला असला तरी लवकर पीक येण्याचें निम्में श्रेय वेळेवर केलेल्या छाटणीस आहे.

वाणांमध्यें पहिला मान पुणेरी अंजिराचा. दिवे, राजेवाडी, गुऱ्होळी या गांवांच्या परिसरांत तो पिकतो, व पुरंदरच्या अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. फळ मध्यम, साल फिकट जांभळट, गर गुलाबी व गोड. त्याची मीठ्या बहाराची रीत पिढ्यान्पिढ्यांची ठरलेली असल्यामुळें नवशिक्यास तो सोयीचा. दौलताबादकडील अंजिरांतून निवडलेला ‘दिनकर’ हा दुसरा वाण परभणीच्या कृषि विद्यापीठानें पुढें आणला. ‘ब्राऊन टर्की’ हा परदेशी वाण काटक असून नव्या फुटीवर फळतो व मोठ्या कुंडींतही वाढतो. दमट हवेंत डोळ्याकडेही लक्ष द्यावें. अमेरिकेच्या दक्षिणेकडील पावसाळी प्रदेशांत ‘सेलेस्ट’ हा वाण लोकप्रिय झाला, त्यांतील एक कारण त्याचा मिटलेला डोळा हें आहे. उघड्या डोळ्याचें फळ पाणी व किडे यांस वाट देतें.

बियांपासून रोप कधींही करूं नये. त्यास फळ येण्यास फार वर्षें लागतात, आणि पुष्कळदां तें कोरड्या, निरुपयोगी फळांचें निघतें. खात्रीच्या, फळत्या झाडाची बोटाएवढी जाड, वीतभर लांबीची पक्की फांदी जानेवारी-फेब्रुवारींत लावावी. अशा कलमास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं फळ दिसूं लागतें. भातखाचरासारख्या पाणी तुंबणाऱ्या जमिनींत झाड न लावतां उंच वाफा करावा, किंवा तळास भोंकें पाडलेलें पिंप घेऊन पावसाळ्यांत तें वळचणीखालीं सरकवावें.

दमट हवेंत तांबेरा हा रोग पानांमागें तपकिरी पूड धरून झाडाचीं पानें गाळतो. गळलेलीं पानें गोळा करून नष्ट करावीं. रोग दिसतांच शंभर ग्रॅम मोरचूद व तितकाच चुना दहा लिटर पाण्यांत मिसळून केलेलें बोर्डो मिश्रण मोठ्या माणसांनीं फवारावें. हें मिश्रण लोखंडी भांड्यांत करूं नये. अंजिराचा चीक अंगास लागून ऊन बसल्यास त्वचा भाजल्यासारखी होते, हें मुलांनीं विसरूं नये.

शेवटीं एक गोष्ट. अंजीर तोडल्यावर आंब्यासारखा अढींत पिकत नाहीं. देंठ वांकून फळ खालीं लोंबूं लागलें व बोटास मऊ लागलें, म्हणजेच तोडावें. पूर्ण पिकलेला अंजीर दूरचा प्रवास सोसत नाहीं. म्हणून बाजारांतील फळ बहुधा थोडें आधींच तोडलेलें असतें. झाडावर पुरतें पिकलेलें फळ चाखण्याचें भाग्य मुख्यतः ज्याच्या दारीं झाड आहे त्याचेंच. योग्य वाण, पक्क्या फांदीचें कलम व आश्विनांतली छाटणी या तीन गोष्टी संभाळल्या, तर पनवेलीच्या परसांतही हें भाग्य लाभण्यासारखें आहे.