नातवाच्या हातातलं टोक

स्क्रिप्ट साधी होती. एक सेवा सुरू करायची, तिचा प्रोसेस क्रमांक व्हेरिएबलमध्ये घ्यायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. सेवा सुरू होत होती. स्क्रिप्ट मात्र त्याच ओळीवर ठाण मांडून बसायची. एरर नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही, सीपीयू शून्यावर.

अशा वेळी मी एसट्रेस काढतो. (आमच्याकडे सगळे त्याला ‘स्ट्रेस’च म्हणतात. तो कुठल्या वेळी आठवतो हे पाहता ते काही चूक नाही.) प्रोग्राम कर्नलकडे जे जे मागतो, म्हणजे फाइल उघडून दे, एवढे बाइट वाच, नवी प्रोसेस काढ, ती प्रत्येक मागणी हे अवजार उत्तरासकट छापतं. पॉल क्रॅनेनबर्ग यांनी ते १९९१ मध्ये सनओएससाठी लिहिलं. पुढे ते लिनक्सवर आलं आणि तिथलंच झालं.

पहिल्यांदा नुसतंच लावलं. शेलने पाईप तयार केला. मग क्लोन, आणि उत्तरात एक क्रमांक: चाइल्ड प्रोसेस जन्मली. शेलने पाईपचं लिहायचं टोक आपल्यापुरतं बंद केलं, वाचायच्या टोकावर रीड केलं, सेवेचा क्रमांक हाती पडला. लगेच दुसरं रीड. तिथे कंस उघडाच राहिला आणि कर्सर लुकलुकत बसला.

यातून कळलं एवढंच, की बाप वाट पाहतोय. कुणाची, ते कसं कळणार? शेल स्वतः करतो थोडं. बाकी सगळं पोरांकडून करवून घेतो.

मग डॅश एफ. हा पर्याय दिला की नवी प्रोसेस निघताक्षणी कर्नल तिला जन्मतःच थांबवतो आणि एसट्रेसच्या ताब्यात देतो. तिची पहिली सूचनाही नजरेआड होत नाही. लिनक्सच्या २.६ मालिकेपूर्वी ही सोय नव्हती. पोर निसटण्याआधी धरायला एसट्रेसला बऱ्याच लटपटी कराव्या लागत.

डॅश ओ देऊन सगळं एका फाइलीत घेतलं. आता प्रत्येक ओळीच्या आरंभी प्रोसेस क्रमांक. एकाचा कॉल अर्धा असताना दुसरा बोलू लागला, की पहिल्याच्या ओळीपुढे ‘अनफिनिश्ड’ पडतं, आणि बऱ्याच ओळींनंतर त्याच क्रमांकापुढे ‘रिझ्यूम्ड’. भरल्या घरातलं बोलणं भिंतीपलीकडून ऐकावं तसं. डॅश एफ दोनदा दिलं तर प्रत्येकाची वेगळी फाइल होते. वाचायला ती सोपी, पण कोण कुणाआधी बोललं हे हरवतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

चाइल्डने सेवा सुरू करणारी उपस्क्रिप्ट चालवली. तिने आणखी एक क्लोन केला, म्हणजे सेवा हे नातवंड. उपस्क्रिप्टने क्रमांक पाईपात लिहिला आणि शून्य कोड देऊन ती निमूट संपली. तिचा दोष नव्हता. मग मी नातवाच्या ओळी वेगळ्या काढल्या. त्याने कॉन्फिग वाचली, सॉकेट उघडलं, ईपोल-वेटमध्ये जाऊन निवांत बसला. वरून खालपर्यंत दोनदा वाचलं तरी काही खटकेना. तिसऱ्यांदा जे दिसलं ते तिथे नसलेलं होतं: फाइल डिस्क्रिप्टर १ त्याने कुठेच बंद केला नव्हता. ना क्लोज, ना डप-टू.

डिस्क्रिप्टर १ म्हणजे स्टँडर्ड आउटपुट, आणि आजोबांकडून बापाकडे, बापाकडून नातवाकडे आलेला तो १ म्हणजे त्याच पाईपचं लिहायचं टोक. लिहायचं शेवटचं टोक मिटेपर्यंत वाचणाऱ्याला ‘संपलं’ असं कर्नल सांगत नाही. नातू त्यात एक अक्षरही लिहिणार नव्हता. सोडणारही नव्हता.

खात्री करायला दुसऱ्या खिडकीतून सेवा मारली. त्याच क्षणी शेलचं रीड शून्य घेऊन परतलं आणि स्क्रिप्ट पुढे धावली.

दुरुस्ती अर्ध्या ओळीची: सेवा पार्श्वभूमीत सोडताना तिचं इनपुट, आउटपुट आणि एरर तिन्ही डेव्ह-नलकडे वळवायचं. पुन्हा डॅश एफ लावून चालवलं. स्क्रिप्ट शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि बाहेर पडली.

प्रॉम्प्ट मात्र येईना. कंट्रोल-सी दाबलं, काही नाही. मग लक्षात आलं, की एसट्रेस सगळ्या वंशाच्या मागे लागलाय आणि त्यातलं नातवंड अजून जिवंत आहे. शिवाय निकाल फाइलीत चालला असेल तर तो कंट्रोल-सीला जुमानतच नाही. सेवा पुन्हा एकदा मारली, तेव्हा कुठे प्रॉम्प्ट आला.