पाण्याची पाळी आणि कोटलिन

पिंपळे सौदागरात शेजारी भेटला की प्रकृतीची चौकशी मागाहून, आधी प्रश्न, "आज पाणी आहे का हो?" पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू केले, तेव्हापासूनची ही रीत. आमच्या सोसायटीची पाण्याची वही माझ्याकडे असते. टँकर आदल्या दिवशी सांगावा लागतो. न लागता आला तर पैसे फुकट, आणि सांगायचा राहिला तर सातव्या मजल्यावरच्या बाळंतिणीने करावे काय? तेव्हा पाळी सांगणारे ॲप आपणच करावे म्हणून मी कोटलिन शिकायला बसले.

नावाला भिऊ नये. रशियात सेंट पीटर्सबर्गजवळ कोटलिन नावाचे बेट आहे, त्यावरून ते घेतले. जेटब्रेन्स कंपनीने ही भाषा २०११ मध्ये जाहीर केली. २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला मान्यता दिली. लिहिण्याचे साधन, अँड्रॉइड स्टुडिओ, फुकट मिळते. (संगणक मात्र दणकट हवा, जुना दमेकऱ्यासारखा धापा टाकतो.)

नवशिक्याला प्रथम सुचतात त्या सम-विषम तारखा. पण ३१ तारखेपाठोपाठ १ तारीख येते, दोन्ही विषम, आणि हिशेब तिथेच कोसळतो! त्यावर तोड अशी, की यंत्राला तारीख न विचारता १ जानेवारी १९७० पासून किती दिवस झाले ते विचारावे. शेवटचे पाणी आले त्या दिवसाचा आकडा आजच्या आकड्यातून वजा करून दोनाने भागावे. बाकी शून्य, तर आज पाणी. उद्याचे हवे असल्यास आजच्या आकड्यात एक मिळवावा.

खरी गंमत पुढेच आहे. ॲप पहिल्यांदा उघडले, तेव्हा शेवटचे पाणी कधी आले हे त्याला कुठून ठाऊक? ती जागा रिकामी. तिला म्हणतात 'नल'. आमच्या कोरड्या नळाला शोभणारेच नाव! टोनी होअर या इंग्रज संशोधकाने १९६५ मध्ये ही कल्पना आणली आणि २००९ मध्ये स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले, कारण रिकाम्या जागेतून काही काढू पाहणारे प्रोग्रॅम मध्येच बंद पडत. कोटलिनमध्ये जी जागा रिकामी राहू शकते तिच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह घालावे लागते, आणि रिकामी निघाल्यास काय करायचे हे सांगितल्यावाचून गाडी सहसा पुढे सरकत नाही. गृहिणीला यात नवल ते काय? डब्यात मोहरी आहे का हे पाहिल्याशिवाय आपण कुठे तेल तापवतो?

दुरुस्तीसाठी एखादे दिवशी पाणी बंद राहते आणि पाळी सरकते. त्यासाठी पडद्यावर 'आज पाणी आले' असे बटण ठेवले आहे. ते दाबण्याचे काम पहाटे पंप लावणाऱ्या वॉचमनकाकांकडे. त्यांनी सुधारणा एकच सुचवली, अक्षर मोठे करा. ते लगेच करून दिले.