करार पक्का, पण खबर कोणाची?

वेल्ह्यातील पासलीच्या एका शेतकऱ्याकडून भात घेण्याचा सौदा आपण केला, असे समजू. ठरले असे की सप्टेंबरात लागोपाठ १० दिवस पाऊस पडला नाही तर शेतकऱ्याला ५,००० रुपये द्यायचे. आता भांडण कशावरून होणार? पैशावरून नव्हे, पाऊस पडला की नाही यावरून.

ब्लॉकचेनवरील स्मार्ट काँट्रॅक्ट म्हणजे संगणकावर लिहिलेला करार. रक्कम आधीच त्यात अडकवून ठेवायची, अट पुरी झाली की ती आपोआप सुटते. मध्ये दलाल नाही, टाळाटाळ नाही. इथेरियमवर २०१५ पासून असे करार होत आले आहेत. पण हा करार खिडकीतून बाहेर डोकावू शकत नाही. शेकडो संगणक एकच हिशेब स्वतंत्रपणे तपासतात आणि सर्वांचे उत्तर एकच यावे लागते. प्रत्येकाने आपापल्या वेळी बाहेरून पाऊस विचारला तर उत्तरे जुळणार नाहीत. म्हणून बाहेरची खबर कोणीतरी आणून आत नोंदवावी लागते. त्या खबऱ्याला ऑरॅकल म्हणतात. खबऱ्या खोटा निघाला तर करार तितक्याच इमानाने चुकीचे पैसे वाटतो!

ब्लॉकचेन नसतानाही ही अडचण आपल्याकडे आहेच. महावेध प्रकल्पातून २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, दोन हजारांहून अधिक. हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई अशा केंद्रांच्या नोंदीवर ठरते, बाग पाहून नव्हे. घाटमाथ्यावर तर डोंगराच्या एका अंगाला धो धो आणि दुसऱ्या अंगाला ऊन, असे नेहमीचेच. केंद्र दूर असेल तर नोंद खरी असूनही शेतापुरती ती खोटी ठरते.

यावर उपाय म्हणजे अनेक खबरे नेमून मधला आकडा धरणे. पाच जणांनी ०, १, १, २ आणि ६० मिलिमीटर सांगितले तर सरासरी जवळपास १३ येते, मधला आकडा मात्र १. एकट्याचा खोटेपणा त्यात बुडतो. चेनलिंक ही व्यवस्था २०१९ पासून इथेरियमवर असेच काम करते. परंतु पाचही जण एकाच केंद्राचा आकडा उचलत असतील तर तो साक्षीदार एकच. आणि मूळ भावच फुगवला तर? ऑक्टोबर २०२२ मध्ये मँगो मार्केट्स या ठिकाणी एका नाण्याचा भाव मुद्दाम चढवून ११ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उचलली गेली. खबऱ्यांनी भाव बरोबरच कळवला होता, बाजारच बनावट होता.

तेव्हा असा सौदा कागदावर करा की संगणकावर, केंद्राचे नाव आधी लिहा. हवामान खाते दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते आणि २.५ मिलिमीटर किंवा अधिक पडला तरच तो पावसाचा दिवस धरते. तेच माप घ्यावे. केंद्र बंद पडले तर कोणाची नोंद मानायची, आणि आकडा आल्यावर हरकत घ्यायला किती दिवस, हेही बयाणा देण्यापूर्वीच ठरवून घ्या.