चौघांचा गंधार

पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या ‘चेंबर म्युझिक’ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. चेंबर म्हणजे खोली. दिवाणखान्यात मोजक्या वादकांनी वाजवायचे ते हे संगीत. म्हणून आपली ‘बैठक’ जवळची वाटते. पण साम्य जागेपुरतेच. बैठकीत एक मुख्य कलाकार असतो आणि बाकीचे त्याची साथ करतात. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये मात्र कोण कोणाची साथ करणार हे कायमचे ठरलेले नसते. समोर छडी घेऊन उभा राहणारा संचालकही नसतो. मग मतभेद झाला तर निर्णय कोणी घ्यायचा? ही विद्या तरुण वादकांना कशी शिकवतात, हे शोधताना मी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील मार्लबरोच्या संगीत शिबिरापर्यंत पोहोचले.

या शिबिराची सुरुवात १९५१ची. संस्थापकांत पियानोवादक रूडॉल्फ सर्किन, त्यांचे सासरे व्हायोलिनवादक अडॉल्फ बुश, बुश यांचे चेलोवादक बंधू हर्मन आणि फ्रान्समधले मॉइज कुटुंब. अडॉल्फ बुश जर्मन होते, ज्यू नव्हते. नाझी राजवटीत त्यांना मानाने राहता आले असते. पण १९३३मध्ये ज्यूंवर बहिष्कार सुरू होताच त्यांनी जर्मनीतले आपले कार्यक्रम रद्द केले. ज्यू असलेले सर्किन त्यांचे जुने सहवादक होते. वरून आलेला हुकूम नाकारलेल्या या माणसांनी पुढे जे शिबिर उभारले, त्यात हुकूम देणारा कोणीच नसावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

शिबिराची पद्धत साधी आहे. उन्हाळ्याचे सुमारे सात आठवडे नामवंत ज्येष्ठ आणि व्यवसायाच्या उंबरठ्यावरचे तरुण एकत्र राहतात. ज्येष्ठ बाजूला बसून चुका काढत नाहीत, गटातली एक खुर्ची घेऊन स्वतः वाजवतात. रचनेचा सराव हवा तितके दिवस करता येतो. शनिवार-रविवारच्या मैफलींत त्यांतल्या थोड्याच रचना ऐकवल्या जातात. बाकीच्या केवळ शिकण्यासाठी. तारखेची टांगती तलवार नसल्यामुळे वाद मिटेपर्यंत वाद घालायला सवड मिळते.

हे वाद कशाचे असतात? सुरांचेच उदाहरण घेऊ. आपल्या वाचकांना ते पटकन उमगेल. तंबोरा नीट जुळला की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. पियानोचा गंधार त्याहून थोडा चढा असतो, कारण पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. क्वार्टेटमध्ये पियानो नसतो, म्हणून वादकांना शुद्ध गंधार साधता येतो. पण अडचण तारांतच आहे. चेलोच्या सर्वांत खालच्या तारेला षड्ज माना. ही वाद्ये षड्ज-पंचम नात्याने जुळवतात. खर्जातल्या त्या षड्जापासून चार पंचम आणि आणखी एक सप्तक चढत गेलो की व्हायोलिनची सर्वांत वरची तार येते, आणि ती असते गंधाराची. मात्र हा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा ८१:८० या प्रमाणात चढा भरतो. आपल्याकडचे अनेक अभ्यासक याच अंतराला प्रमाणश्रुती म्हणतात. म्हणजे चौघांनी आपापले वाद्य अगदी अचूक जुळवले, तरी एकत्र वाजवताना ते बेसूर ठरू शकते! म्हणून अनेक क्वार्टेट आपले पंचम किंचित आवळून घेतात. प्रत्येकाने स्वतःची थोडी अचूकता सोडायची, तेव्हा कुठे सर्वांचा सूर लागतो.

निषादाचा पेच याहून अवघड. सुरावट वरच्या षड्जाकडे निघाली असेल, तर पहिल्या व्हायोलिनला निषाद चढा हवासा वाटतो. त्याच क्षणी खाली पंचम धरून बसलेल्या चेलोला तोच निषाद आपल्याशी शुद्ध गंधाराचे नाते सांगणारा, म्हणजे उतरता हवा असतो. दोघेही बरोबर. उत्तर पुस्तकात नसते. या जागी सुरावट महत्त्वाची की स्वरमेळ, हे चौघांनी वाजवून, ऐकून ठरवायचे. ज्येष्ठाचे मतही तिथे चारांतले एकच.

पाचव्या-सहाव्या वर्षापासून एकट्याने रियाज केलेल्या, स्पर्धा जिंकत आलेल्या मुलामुलींना हे जड जाते. आजवर त्यांना स्वतःचे वाजवणे ऐकायला शिकवलेले असते. इथे दुसऱ्याचे ऐकत स्वतःचे बदलायचे असते. ज्यांना हे साधते त्यांचे सूर टिकतात. ग्वार्नेरी क्वार्टेट १९६४मध्ये मार्लबरोतच जन्मली आणि २००९पर्यंत वाजत राहिली.

आपल्याकडेही या परंपरेचा धागा आहे. मेहली मेहता यांनी मुंबईत १९३५मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४०मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केली. पुढे फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये ते दुसरे व्हायोलिन वाजवत. स्वतःचा वाद्यवृंद उभारणाऱ्या माणसाने दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीत बसणे, यात कमीपणा नव्हता. आज मुंबईत आणि गोव्यात अनेक मुले व्हायोलिन, चेलो शिकतात. त्यांच्यासाठी परीक्षा आहेत, स्पर्धा आहेत. परीक्षेत निषाद चढा की उतरता हे परीक्षक सांगतो. ते एकमेकांना विचारण्यासाठी मात्र चार खुर्च्या, एक खोली आणि घाई नसलेले काही आठवडे लागतात.