कोर्टाची फाईल आपली आपण लावावी



उसाच्या नोंदीची पावती आपण किती जपतो! तोड येईपर्यंत ती खिशातून हलत नाही. पण लेक नांदायची थांबून माहेरी आली, की तिचे कागद मात्र काही पेटीत, काही खताच्या पिशवीत.

गेल्या हंगामातली गोष्ट. ओळखीचे एक सभासद लेकीच्या पोटगीच्या कामासाठी तिच्याबरोबर जिल्ह्याला कौटुंबिक न्यायालयात गेले. नातवाचा जन्मदाखला मागितला. पिशवी पालथी केली, दाखला सापडेना. पुढची तारीख पडली. घरी आल्यावर दाखला रेशनकार्डाच्या घडीत निघाला! "एका कागदापायी पोरीचा महिना गेला बघा," म्हणाले.

कौटुंबिक न्यायालयाचा कायदा १९८४ चा. त्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील हा हक्क म्हणून मागता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते. म्हणजे पक्षकाराने स्वतः बोलावे अशीच अपेक्षा आहे. बोलताना आपली जीभ अडखळेल, म्हणून कागद हाताशी पाहिजे.

चार गठ्ठे करावेत.

१) कोर्टाचे कागद : अर्ज, नोटीस, समोरच्याचे म्हणणे, हुकूम. तारखेप्रमाणे लावावेत. अर्ज दाखल केल्याची पोच नीट ठेवावी.

२) नात्याचे कागद : लग्नपत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड.

३) खर्चाचे कागद : शाळेची फी, दवाखाना, औषधे, घरभाडे. महिनावार लावावेत.

४) मिळकतीचे कागद : हा गठ्ठा आपल्या खास माहितीतला. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले, की पोटगीच्या कामात दोन्ही बाजूंनी मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे. शेतकऱ्यासाठी वेगळा नमुनाच दिला आहे. जमीन किती, बागायत की जिराईत, पिके कोणती, तीन वर्षांचे उत्पन्न, जनावरे, जमिनीवरचे कर्ज, सारे त्यात येते. म्हणून ७/१२, ८अ, ऊसबिले, सोसायटीचा आणि बँकेचा उतारा काढून ठेवावा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असेही त्याच निकालात आहे. वर पोच जपायला सांगितली ती याचसाठी.

वरच्या गोष्टीतले जावईबापू "जमीन जिराईत, पिकत काही नाही" म्हणत होते. लेकीने ७/१२ काढला, तर पीकपाण्यात ऊस! तो उतारा पुढे ठेवल्यावर तिला जास्त बोलावे लागले नाही. आपला मुलगा समोरच्या बाजूला असेल तर त्यालाही हेच सांगावे, की बाबा, खरे ते लिही. उसाचे वजन आणि बिल कारखान्याच्या दप्तरी आहेच.

प्रत्येक गठ्ठ्यावर यादी आणि पानांना नंबर घालावेत. झेरॉक्सचे तीन संच करावेत : कोर्टाला एक, समोरच्याला एक, आपल्याला एक. अस्सल कागद मागितल्याशिवाय देऊ नये. दिला तर पोच घ्यावी. एका वहीत दर तारखेला काय झाले, पुढची तारीख कोणती, हे लिहावे.

अडचण आली तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते.

आज रात्री जेवणे झाली की लेकीला जवळ बसवा आणि ती पिशवी मोकळी करा.